नागपूर ते लेह, लेह ते जैसलमेर : एकट्याने मोटारसायकलवरून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून निघून मनालीमार्गे लेह गाठणे आणि परतताना थरच्या वाळवंटातून येणे, असा प्रवास मी एकटीने दोनदा केला आहे. पहिल्या खेपेनंतर ओळखीतले, शेजारचे आणि गाडी दुरुस्तीला टाकली की तिथे भेटणारे लोक जे प्रश्न विचारू लागले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या बाबतीत चूक झाली तर सावरायला सोबत दुसरे कोणी नसते.

हिमालय आणि वाळवंट एकाच फेरीत करणे शक्य आहे का? कोणत्या महिन्यात निघावे?

शक्य आहे, परंतु क्रम चुकवून चालत नाही. मनाली-लेह रस्ता साधारणपणे जून ते सप्टेंबर या काळात भरवशाचा असतो, तर थरमध्ये फिरण्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे मानले जातात. म्हणजे दोन्हींचा उत्तम काळ एकमेकांना कुठेच भेटत नाही. त्यातल्या त्यात सांधा जुळतो तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात, म्हणून आधी डोंगर आणि मग वाळू हाच क्रम ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात आणि मध्य प्रदेशातून जाताना सलग पावसात भिजावे लागते. वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. त्यामुळे १० ते १२ सप्टेंबरच्या सुमारास नागपूर सोडले, तर २० तारखेच्या आतबाहेर बारालाचा ला ही खिंड ओलांडता येते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपण जैसलमेरच्या परिसरात असतो. तेव्हा तिथे दुपारी अजून बऱ्यापैकी तापते, पण ज्याने नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला ते ऊन झेपते. याच्या उलट, सप्टेंबर सरल्यावर मनाली-लेह वाटेवरच्या सरचू आणि पांगच्या मुक्कामाचे तंबू उठू लागतात. तिथे रात्री उशिरा पोहोचून आसरा न मिळणे हे मात्र कोणालाही झेपणारे नाही.

पोळा आणि मारबत झाली की निघायचे, असा बेत अनेकजण सांगतात. भावना मला समजते, मारबतीची मिरवणूक सोडून जाणे नागपूरकराच्या जिवावर येतेच. परंतु पोळ्याची तिथी कधी ऑगस्टमध्ये तर कधी सप्टेंबरच्या मध्यात येते, म्हणून निघण्याचा दिवस तिथीवरून न ठरवता तारखेवरून ठरवावा.

मार्ग कसा आखावा? एकूण अंतर किती आणि दिवस किती लागतात?

जाताना कामठी रोडने बाहेर पडून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरावा. सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली आणि पुढे मनाली हे अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर भरते. मनाली ते लेह सव्वाचारशेच्या पुढे, लेहहून नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर पाहून येण्यास सुमारे पाचशे, मग कारगिल, श्रीनगर, जम्मू, अमृतसर, बिकानेर आणि जैसलमेर. परतीला जोधपूर, उदयपूर, इंदूर, बैतूल आणि मुलताई करत आपण सावनेरकडून शहरात शिरतो. सगळे मिळून सहा हजार किलोमीटरच्या आसपास होते. त्यासाठी सव्वीस ते अठ्ठावीस दिवस हाताशी असावेत. वीस दिवसांतही हे अंतर कापले जाते, पण मग विश्रांतीचे दिवसच कापले जातात आणि उंचीवर त्याची किंमत शरीर मोजते.

पहिल्याच दिवशी एक पथ्य पाळावे. खवासा आणि सिवनीच्या मधला रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तिथे उंच पूल बांधले आहेत, तरीही अंधारात तो पट्टा ओलांडू नये. पहाटे पाचला निघण्याचा उत्साह असतो, म्हणून मुद्दाम सांगते की फटफटल्यावरच निघावे.

माझ्याकडे १५० सीसीची साधी गाडी आहे. ती चालेल का, की मोठी गाडी घ्यावी?

चालेल. मोठी गाडी आरामाची असते आणि सामान निमूटपणे वाहते, परंतु आपल्या हातात मुरलेली, जिचा प्रत्येक आवाज ओळखीचा आहे अशी लहान गाडी मी नव्याकोऱ्या मोठ्या गाडीपेक्षा श्रेष्ठ मानते. आणखी एक कसोटी आहे. सामान बांधलेल्या अवस्थेत आडवी पडलेली गाडी आपल्याला एकट्याने उभी करता आली पाहिजे. घरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी सावकाश आडवी करून ही परीक्षा निघण्यापूर्वीच द्यावी. गाडीकडे पाठ करून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरून, पायांच्या जोरावर मागे सरकत ती उचलायची असते. कमरेतून वाकून ओढायला गेल्यास गाडी उठत नाही आणि कंबर मात्र धरते.

उंचीवर गाडी दम टाकते, याचे कारण हवेतच असते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, तर ५,३२८ मीटरवरच्या तंगलंग ला या खिंडीत तो निम्म्याच्या थोडाच वर राहतो. इंजिनाला जाळायला हवा कमी मिळाली की ताकदही त्या प्रमाणात घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढेच येते आणि हवा तेवढी कमी पडते, म्हणून प्लग काळा पडतो, गाडी धूर सोडते आणि चढावर गुदमरते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन असते आणि ते मिश्रण आपोआप सावरून घेते. ताकद मात्र त्यांचीही घटतेच. तेव्हा खिंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढावे लागले तर गाडी बिघडली असे समजून घाबरू नये.

विदर्भाच्या सपाटीवरच्या माणसाला उंचीचा त्रास अधिक होतो का?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, पण पुण्या-मुंबईच्या माणसाचीही गत वेगळी नसते. त्रास होणे न होणे हे अंगातल्या ताकदीवर अवलंबून नसून आपण किती वेगाने वर चढलो यावर असते. दररोज व्यायाम करणारी तरणीताठी मुले पांगला डोके धरून बसलेली आणि साठीच्या आजी शेजारी निवांत चहा पीत असलेल्या मी पाहिल्या आहेत.

सर्वसाधारण नियम असा की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याचे ठिकाण एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये. मनाली-लेह रस्त्यावर हा नियम पूर्णपणे पाळता येत नाही, त्यामुळे निदान त्याच्या जवळ राहावे. मनालीत दोन रात्री आणि जिस्पाला दोन रात्री काढाव्यात. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे, तर सरचू ४,२०० च्या वर. मनालीहून एका दमात सरचूला येऊन झोपणाऱ्यांचे हाल तिथल्या कोणत्याही तंबूवाल्याला तोंडपाठ असतात. शक्य असल्यास जिस्पाहून उजाडताच निघून सरचू आणि पांगला न झोपता त्याच दिवशी लेहच्या बाजूला खाली उतरावे. ते न जमल्यास सरचूची रात्र बिनश्रमाची ठेवावी, म्हणजे पोहोचल्यावर धावपळ करू नये, पाणी घोट घोट पीत राहावे आणि दारूला स्पर्श करू नये. लेहला पोहोचल्यावर पहिले अठ्ठेचाळीस तास गाडीला किल्लीसुद्धा लावू नये.

डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे असतात. ती असताना आणखी वर जायचे नाही, एवढे कटाक्षाने पाळावे. बसल्याजागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काही दिसले तर ताबडतोब खाली उतरणे हाच उपचार आहे. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नये. गाडी तिथेच सोडून, मिळेल त्या ट्रकने किंवा लष्कराच्या मदतीने उतरावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅसिटाझोलामाइड या गोळीविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळाटाळ न करता सांगावे. एकट्याने जाणाऱ्याची अडचण ही की, बोलण्यातला गोंधळ स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामी तंबूच्या मालकिणीला मी सांगून ठेवत असे, “दीदी, सकाळी सहाला मला हाक मारा आणि मी नीट उत्तर दिले नाही तर पडदा उघडून आत या.” एकीनेही या विनंतीला हसून टाळले नाही.

रस्त्यावर वाहणारे नाले कसे ओलांडावेत?

सकाळी. या एका शब्दात निम्मे उत्तर आले. बर्फ उन्हाने वितळते आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर पोहोचते, त्यामुळे सकाळी सातला घोट्याएवढा असलेला नाला तीनपर्यंत गुडघ्याला लागतो. पलीकडून येणारे एखादे वाहन आधी जाऊ द्यावे आणि त्याची चाके कुठे बुडाली, कुठे उसळली ते नीट पाहून घ्यावे. मग पहिल्या गिअरवर, एकसारख्या गतीने, नजर पलीकडच्या काठावर ठेवून निघावे. मध्ये क्लच दाबू नये आणि पाण्याकडे पाहू नये, कारण वाहत्या पाण्याकडे पाहिले की तोल त्याच दिशेने जातो.

माझा स्वतःचा सर्वांत वाईट निर्णय याच ठिकाणचा आहे. पहिल्या खेपेला झिंगझिंगबारला दुपारचे अडीच वाजले होते. चहावाल्याने आज इथेच थांबा असे सांगितले, पण सरचूचा तंबू आधी ठरवलेला असल्याने मी निघाले. बारालाचाच्या अलीकडच्या नाल्यात पुढचे चाक एका गोल दगडावर घसरले, गाडी बंद पडली आणि बर्फाचे पाणी बुटांत वरून शिरले. पंधरा-वीस मिनिटे मी हँडल धरून तशीच उभी होते. गाडी सोडली असती तर ती आडवी होऊन वाहिली असती. आधी पायांना कळ लागली, मग झोंबू लागले आणि शेवटी काहीच वाटेनासे झाले, तेव्हा मला खरी भीती वाटली. मागून आलेल्या ट्रकचा चालक आणि त्याचा क्लीनर पँट गुडघ्यावर दुमडून पाण्यात उतरले व त्यांनी गाडी बाहेर ढकलली. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून पायांना कोरडे गोणपाट गुंडाळले आणि माझा हात गरम ग्लासाभोवती घट्ट धरून ठेवला. दोघे किंवा चौघे असले की त्यातला एखादा तरी थांबूया म्हणतो, पण एकट्याने जाताना ते म्हणायला कोणी नसते. म्हणून त्या दिवसापासून माझा नियम आहे की, डोंगरात दुपारी दोननंतर नवा टप्पा सुरू करायचा नाही, मग मुक्काम कितीही जवळ असो आणि पैसे कितीही आधी भरलेले असोत.

पेट्रोल कुठे संपते?

चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावरील टांडी येथे टाकी काठोकाठ भरावी. त्यानंतर लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर, पंपाचा भरवसा धरू नये. चढावर गाडीचे अॅव्हरेज घटते, म्हणून नागपूरचा हिशेब तिथे लावू नये आणि पाच लिटर पेट्रोल धातूच्या डब्यात वेगळे ठेवावे. वाळवंटात जैसलमेरहून सीमेजवळच्या तनोटकडे जाताना रामगढला टाकी भरून घ्यावी.

लडाखलाही वाळवंट म्हणतात. मग वेगळे थर कशाला पाहायचे?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आत-बाहेर आणि लेहला जेमतेम शंभर. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने लेह हे जैसलमेरहूनही रुक्ष आहे, कारण हिमालयाच्या रांगा मोसमी ढगांना पलीकडेच रिते करतात. नुब्रा खोऱ्यात हुंदरला करड्या वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर दोन वशिंडांचे उंट चरतात आणि मागे बर्फाची शिखरे दिसतात. तिथून तीन आठवड्यांच्या आत जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडीच्या पिवळ्या वाळूत, एका वशिंडाच्या उंटाजवळ उभे राहिले की, वाळवंट म्हणजे उष्णता ही लहानपणापासूनची समजूत गळून पडते. हुंदरची वाळू सकाळी मुठीत घेतली तर बोटे गारठतात आणि समची वाळू ऑक्टोबरच्या दुपारी तळव्याला चटका देते. हे एका मोसमात, स्वतःच्या हाताला कळावे यासाठीच मी दोन्ही एकाच फेरीत करावे असे आग्रहाने सांगते.

जाता जाता एक दुरुस्ती करते. लेहहून नुब्राला जाताना लागणाऱ्या खारदुंग ला येथील फलकावर बराच काळ १८,३८० फूट असा आकडा लिहिलेला होता, परंतु मोजणीनुसार ती खिंड सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट उंच आहे. खिंडीचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

वाळूत गाडी चालवण्याची काय पद्धत आहे?

डांबरी रस्त्यावरही वाऱ्याने वाळूचे पट्टे येऊन पडतात आणि दुरून ते नुसती सावली वाटतात. पट्टा दिसताच वेग आधीच कमी करावा. वाळूवर चाक आल्यानंतर पुढचा ब्रेक लावू नये. वजन थोडे मागे घेऊन, अॅक्सिलरेटर स्थिर ठेवून गाडीला किंचित हलू द्यावे, कारण हँडल घट्ट आवळले तरच ती पाडते. खोल वाळूत शिरायचेच असेल तर टायरमधील हवा थोडी कमी करावी आणि रस्त्यावर परतताच भरून घ्यावी. एकट्याने मात्र खोल वाळूत शिरूच नये, असे माझे मत आहे. गाडी उभी करताना साइड स्टँड वाळूत रुततो, म्हणून स्टीलच्या डब्याचे चपटे झाकण मी दोरी बांधून हँडलला अडकवून ठेवते आणि ते स्टँडखाली सरकवते.

चेनला तेल पाजताना वाळवंटात हात आखडता घ्यावा. ओलसर चेनवर वाळू बसते, ती पॉलिश कागदासारखी दाते खाते. आधी कोरड्या फडक्याने पुसून, मग थोडे तेल लावून, उरलेले पुन्हा पुसून काढावे.

नागपूरच्या उन्हाची सवय तिथे पुरते का?

बरीच पुरते. दुपट्टा कसा गुंडाळावा, पाणी तहान लागण्यापूर्वी का प्यावे, कैरीचे पन्हे कशासाठी असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही एक फरक आहे. मे महिन्यात दुपारी आपण कूलरसमोर बसतो, तर तिथे आपण गाडीवर असतो. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा गारवा न देता उलट भाजतो आणि घाम जाणवण्याआधीच उडून जातो, म्हणून गरम होते तसे जाकीट उघडण्याऐवजी बंद ठेवावे आणि आत सुती कपडा ओला करून घालावा. दर तासाला सावलीत थांबून पाणी व अधूनमधून ओआरएस घ्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर त्या दिवशीचा प्रवास तिथेच थांबवावा.

तनोट आणि लोंगेवाला येथे एकट्याने जाता येते का?

येते. जैसलमेरहून तनोट सुमारे १२० किलोमीटर असून तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या परिसरात पडलेले, न फुटलेले गोळे तिथे ठेवलेले आहेत. भारतीय नागरिकाला मंदिरापर्यंत जाण्यास अडचण नसते, प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचे असल्यास मात्र दलाची परवानगी लागते. लोंगेवाला येथे ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखालील पंजाब रेजिमेंटच्या तुकडीने रणगाड्यांसह आलेल्या सैन्याला रोखून धरले. त्या ठिकाणी शांतपणे तासभर तरी बसावे. दोन्हीकडचा रस्ता निर्मनुष्य आहे, म्हणून सकाळी जाऊन उजेडात परतावे.

हत्यारे आणि सुटे भाग कोणते घ्यावेत?

ट्यूबच्या टायरसाठी पुढची-मागची एकेक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप व पंक्चरचे सामान आणि ट्यूबलेस असल्यास त्याची सुई व दोऱ्या घ्याव्यात. त्यांच्यासोबत प्लग, फ्यूज, क्लचवायर, अॅक्सिलरेटरची वायर, क्लच-ब्रेकचे लिव्हर, चेनचे लॉक, एक लिटर इंजिन ऑइल, तार आणि चिकटपट्टी असावी. सामान नेण्यापेक्षा ते लावता येणे महत्त्वाचे आहे, म्हणून आपल्या नेहमीच्या मेकॅनिकभाऊंकडे एक रविवार बसून मागचे चाक स्वतः काढून पुन्हा बसवावे.

क्लचवायरबाबत त्यांनीच मला एक युक्ती शिकवली. नवी वायर पिशवीत ठेवण्याऐवजी जुन्या वायरीच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवायची. दुसऱ्या खेपेला रामगढच्या पुढे वायर तुटली, तेव्हा दोन्ही टोके अडकवून मी दहा मिनिटांत पुढे निघाले.

कागदपत्रे आणि फोन यांचे काय?

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि आधार हे मोबाइलमध्ये असले तरी छापील प्रती न्याव्यात, कारण नाक्यावर नेटवर्क असेलच असे नाही. गाडी स्वतःच्या नावावरची असावी. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना लडाखमध्ये स्थानिक फिरण्यास मनाई केली जाते. अटल बोगद्यातून जाताना परवाना लागत नाही, रोहतांग खिंडीवर चढायचे असल्यास लागतो. नुब्रा आणि पँगाँगचे नियम व शुल्क अधूनमधून बदलत असल्याने निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. जिस्पा ते लेहच्या वाटेवर एखादा-दुसरा दिवस संपर्क तुटतो, हे घरी आधीच सांगून ठेवावे. माझ्या आईला मी तारखांचा कागद लिहून दिला होता, त्यावर कोणत्या दिवशी फोन येणार नाही आणि कोणत्या दिवशी संध्याकाळपर्यंत आला नाही तर कोणाला कळवायचे हे दोन्ही होते. आईने तो कागद देवघरात लावला आणि पहिल्या खेपेला मी नाल्यात अडकले त्या दिवसाची रात्र त्या कागदावर “फोन नाही” अशीच होती, म्हणून घरी ती रात्र शांत गेली.

स्त्रीने एकटीने जावे का?

जावे. मुक्काम उजेडात गाठावा, खोली पाहूनच पैसे द्यावेत, आपण कुठे उतरलो आहोत हे वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाला सांगू नये. या तीन गोष्टी मी पाळल्या. त्रासापेक्षा चौकशी अधिक झाली आणि तीही बहुधा काळजीपोटी.

खाण्याचे आणि खर्चाचे गणित कसे मांडावे?

सातूचे पीठ आणि गूळ सोबत असावा. कुठेही थंड पाण्यात कालवून पोट भरते, शिजवावे लागत नाही. उंचीवर तेलकट आणि तिखट टाळावे, सावजीची आठवण कितीही आली तरी. पेट्रोलचा हिशेब सोपा आहे : सहा हजार किलोमीटरला लिटरमागे तीस किलोमीटर धरल्यास दोनशे लिटर. त्याखेरीज मुक्काम व जेवण यांचे अठ्ठावीस दिवस धरावेत आणि एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाइतके पैसे रोख, निरनिराळ्या खिशांत ठेवावेत.

परतल्यावर गाडीचे काय करावे?

दुसऱ्याच दिवशी धुण्याची घाई करू नये. आधी एअर फिल्टर काढून जुन्या वर्तमानपत्रावर झटकावा. माझ्या फिल्टरमधून निघालेल्या ढिगाऱ्यात हिमाचलची करडी माती आणि थरची पिवळी वाळू वेगवेगळी ओळखू येत होती. फिल्टर बदलावा, ऑइल बदलावे, चेन आणि स्प्रॉकेटचे दाते तपासावेत, ब्रेकचे पॅड काढून त्यांच्यामागे अडकलेली वाळू साफ करावी आणि चाकांच्या बेअरिंगना पाणी लागले असल्यास ती उघडून पाहावीत. प्रवासात हलून सैल झालेले नटबोल्ट एकेक करून आवळावेत. त्यानंतर गाडी पाण्याने धुवावी.